मेहनतीवर वर आलेले ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू सांगा, शाळेतल्या पोरांसाठी हवेत

पीटी सर, खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला एका मराठी हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. आमच्याकडं कबड्डी, खो-खो आणि थोडाफार फुटबॉल चालतो. यंदा पोरांना मोबाईलवरून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा नाद लागलाय. लांबट चेंडू, चार खांब, बिनबाह्यांची जर्सी, आणि एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर उडतो आणि चेंडू झेलतो. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पोरं तसंच करायला बघतात. शेजारच्या कन्नड शाळेची पोरंही येतात खेळायला.

प्रश्न का विचारतोय ते सांगतो. नववीत माझ्याकडं एक पोरगा आहे. उंची बेताची, पळायला मध्यम, पण थांबणं माहीत नाही. सकाळी दूध घालून शाळेत येतो आणि संध्याकाळी सगळे घरी गेले तरी एकटा भिंतीवर चेंडू मारत असतो. यंदा एका निवड चाचणीत त्याला पहिल्याच फेरीत बाजूला काढलं. निवडणाऱ्यांतले एकजण त्याच्या तोंडावरच मला म्हणाले, "मास्तर, ह्याच्या अंगातच खेळ नाही, कशाला वेळ घालवता?" पोरगा काही बोलला नाही. पण तेव्हापासून वर्गात तेच सुरू झालंय, अमक्याच्या अंगात खेळ आहे, तमक्याच्या नाही. हे ऐकून मला फार त्रास होतो.

व्हिडिओत सगळे उडणारेच दिसतात. मला न उडणारे हवेत. ज्यांना आधी कुणी विचारलं नाही आणि जे मेहनतीनं वर आले, असे खरे खेळाडू. फुगवलेल्या गोष्टी नकोत, पोरं दोन मिनिटांत शोधून काढतात. तिकडं कुणी राहत असेल तर जरूर लिहा.

टिळकवाडीची लेक, मेलबर्न

सर, नमस्कार. माझं माहेर टिळकवाडी, लेले ग्राउंडपासून जवळच. लग्नानंतर मेलबर्नच्या पश्चिम भागात आले. इथं वृद्धाश्रमात नोकरी करते आणि धाकटा मुलगा आमच्या भागातल्या क्लबात फुटी खेळतो. इथं सगळे ह्या खेळाला फुटीच म्हणतात. मुलांच्या सामन्यात गोल अंपायरचं काम पालकांवर असतं, ते मी करते. मधल्या दोन उंच खांबांच्या मागं हातात दोन झेंडे घेऊन उभं राहायचं. चेंडू मधून गेला की दोन्ही झेंडे हलवायचे, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला तर एक झेंडा, एक गुण. त्या जागेवरून कोण किती लांबून धावत आलं ते फार चांगलं दिसतं. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या पोराला पहिलं नाव सांगा ते मॅट प्रिडिसचं. पर्थकडचा. अठराव्या वर्षी इथल्या पोरांची राष्ट्रीय निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात प्रिडिसला कुणीच घेतलं नाही. पळायला सावकाश, लाथ मारण्यात नजाकत नाही, हे त्याच्याबद्दल शेवटपर्यंत बोललं गेलं. तो सुबियाको नावाच्या राज्य पातळीवरच्या क्लबात खेळत राहिला. मग वेस्ट कोस्ट ईगल्सनं त्याला रूकी यादीत घेतलं, म्हणजे मुख्य संघाच्या बाहेरच्या, स्वस्तातल्या यादीत. 2006 मध्ये त्यानं राज्य लीगचं सर्वोच्च सँडोव्हर पदक मिळवलं आणि 2014 मध्ये ब्राउनलो पदक, ह्या खेळातला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान. ते पदक सामन्याच्या अंपायरांच्या मतांवर ठरतं, दर सामन्याला तीन, दोन, एक अशी मतं. लांबून बघणाऱ्या पत्रकारांच्या नजरेतून सुटलेलं काम मैदानात जवळ उभ्या असलेल्या माणसांना दिसलं, असं मला वाटतं.

त्यानं काय केलं ते पोरांना नीट समजवा. तो वेगवान झाला नाही. दहा-बारा माणसांच्या गर्दीत, ढिगाऱ्याखाली चेंडू कुठं निघणार हे तो आधी ओळखायचा, खाली वाकून तो काढायचा आणि मुठीनं मोकळ्या साथीदाराकडं द्यायचा. चेंडू समोरच्याकडं गेला तर त्याला धरून पाडायचा. टॅकल करणाऱ्यांत त्याचं नाव कायम वरच्या फळीत असायचं. टीव्हीवर ह्याचे तुकडे कुणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही, कारण त्यात बघायला काही नसतं. पण सामना तिथंच जिंकला जातो.

दुसरं नाव जिम स्टाइन्स, आणि ह्या माणसाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनचा पोरगा. तिकडचा गेलिक फुटबॉल गोल चेंडूनं खेळतात. मेलबर्न क्लबनं आयरिश पोरं आणून बघायचा प्रयोग केला, त्यात तो 1984 मध्ये अठराव्या वर्षी इकडं आला. लांबट चेंडू आयुष्यात हाताळलेला नव्हता. हा चेंडू पायाला एक बोट इकडं-तिकडं लागला तरी भलतीकडं जातो आणि जमिनीवर पडला तर कुठं उसळेल सांगता येत नाही. इथली पोरं चालायला लागल्यापासून तो खेळत आलेली, आणि हा त्यांच्यात अठराव्या वर्षी पहिलीत बसलेला. दुय्यम दर्जाच्या सामन्यांत शिकत शिकत 1987 मध्ये त्याला मुख्य संघात जागा मिळाली.

आणि त्याच वर्षी घात झाला. अंतिम फेरीच्या आधीचा सामना, हॉथॉर्नविरुद्ध. मेलबर्न पुढं होतं, वेळ संपत आलेली. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली होती, पण खांब लांब होते. त्या वेळी स्टाइन्स बकेनारा आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्या साथीदाराच्या मधून आडवा पळत गेला. नियमाप्रमाणे तसं चालत नाही. अंपायरनं बकेनाराला 15 मीटर पुढं नेलं, त्यानं भोंगा वाजल्यावर लाथ मारली, गोल झाला, मेलबर्न दोन गुणांनी हरलं. कित्येक वर्षांनी अंतिम सामना गाठायची संधी आली होती ती गेली, आणि सगळ्या शहराला माहीत होतं कुणामुळं गेली. एकवीस वर्षांचा परदेशी पोरगा, पहिलंच वर्ष. माझ्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग तो घरी परत गेला का?"

नाही गेला. चार वर्षांनी, 1991 मध्ये, त्यानं ब्राउनलो पदक मिळवलं. आणि 1987 ते 1998 मध्ये सलग 244 सामने खेळला, एकही न चुकवता. हा विक्रम 2025 पर्यंत त्याच्याच नावावर होता. त्याची जागा रकमनची होती. त्या काळी अंपायर चेंडू आपटून वर उडवायचा, तेव्हा उडी मारून आपल्या माणसाकडं ढकलणारा तो रकमन, म्हणजे दर वेळी समोरच्या तेवढ्याच धिप्पाड गड्यावर आदळायचं काम. त्यात बहुतेक रकमन चेंडू ढकलून मागं राहायचे, हा मात्र ढकलून झाल्यावर मधल्या फळीतल्या हलक्या पोरांबरोबर मैदानभर पळायचा. कौशल्यात जे उशिरा आलं ते त्यानं दमसासानं भरून काढलं. पुढं मुलांसाठी संस्था उभी केली, मेलबर्न क्लब कर्जात असताना अध्यक्षपद घेतलं, कॅन्सर झाला तरी काम सोडलं नाही. 2012 मध्ये गेला, फक्त 45 वर्षांचा होता. मी काम करते तिथल्या आजोबांसमोर त्याचं नाव काढलं की आजही त्यांचा आवाज बदलतो.

अजून थोडक्यात. मायकेल टक, हॉथॉर्नचा. 1972 ते 1991 खेळला, 426 सामने, सात विजेतेपदं, त्यातली चार कर्णधार म्हणून. आणि एवढ्या कारकिर्दीत ब्राउनलो सोडाच, स्वतःच्या क्लबाचं सर्वोत्तम खेळाडूचं पदकही एकदाही मिळालं नाही. मॅथ्यू बॉईड, वेस्टर्न बुलडॉग्सचा, रूकी यादीतून येऊन कर्णधार झाला आणि 2016 मध्ये क्लबाला 62 वर्षांनी विजेतेपद मिळालं त्या संघात होता. जेम्स पॉडसिआडली तर जीलाँग क्लबात खेळाडूंच्या व्यायामाचं काम बघायचा. त्याचा पहिला मोठा सामना 2010 मध्ये, 28 व्या वर्षी. त्या वयात आपल्याकडं पोरगा नोकरीला लागून खेळ विसरलेला असतो. पुढच्याच वर्षी जीलाँगनं विजेतेपद जिंकलं त्या अंतिम सामन्यात तो होता.

मार्लियन पिकेटचं नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात अडीच वर्षं तुरुंगात गेली. बाहेर येऊन राज्य लीगमध्ये खेळत राहिला, 2019 मध्ये हंगामाच्या मधल्या निवडीत रिचमंडनं घेतलं, आणि त्याचा मुख्य संघातला पहिलाच सामना म्हणजे त्या वर्षीचा अंतिम सामना! 1952 नंतर असं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. गोलही केला, संघ 89 गुणांनी जिंकला. मी सांगेन पोरांना. त्यांना कळतं सगळं.

कंग्राळीची तालीम

ताईंनी लई चांगलं लिहिलंय. मी कुस्तीतला माणूस, ह्या खेळातलं मला कळत नाही, पण मास्तरांच्या पोराबद्दल वाचून सांगूलालोय.

तालमीत नवीन पोरगा आला की वस्ताद त्याच्या हातात आधी खोरं देतात. हौदा उकरायचा, माती वरखाली करायची. जो पोरगा रोज येऊन मुकाट्यानं माती उकरतोय त्याच्याकडं वस्तादांचं लक्ष असतं. पोटऱ्या बघून, छाती बघून "ह्याच्यात कुस्ती नाही" असं एका दिवसात म्हणणारा वस्ताद मी तरी बघितला नाही. बुटक्याला पटात घुसायला शिकवायचं, जड असंल त्याला वरून दाबायला. अंग बघून डाव द्यायचा, हे काम वस्तादाचं आहे की. त्या पोराला खेळ येत नाही म्हणणाऱ्यानं त्याला कुठला डाव देऊन बघितला होता, ते विचारा मास्तर.

एक गोष्ट मात्र सांगतो. दूध घालतोय म्हणालात, पण पितोय का? जोर-बैठका काढून अंगाला खुराक नसंल तर पोरगं खंगत जातं. मेहनत म्हणजे नुसतं झिजणं झालं तर उपयोग नाही.

निपाणीकर

सर्वांचं वाचलं. मन मोडायचा हेतू नाही, पण एक बाजू राहून जातेय म्हणून लिहितो. मी पंधरा वर्षांपासून मुलांना ॲथलेटिक्स शिकवतो. एका प्रिडिसच्या मागं तेवढीच मेहनत केलेली किती पोरं असतील, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत? आणि स्टाइन्स मेहनती होताच, पण तो 199 सेंटीमीटर उंचही होता. फ्रीमँटलचा ॲरन सँडिलँड्सही रूकी यादीतूनच आला, पण तो 211 सेंटीमीटर! उंची मेहनतीनं येत नाही. पोराला "मेहनत कर, होशील" असं सांगायचं आणि नाही झालं तर त्यानं स्वतःलाच दोष देत बसायचं, हे मी जवळून बघितलंय. ते फार वाईट असतं.

टिळकवाडीची लेक, मेलबर्न

निपाणीकर, तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते सरांनीही पोरांना सांगावं. मी ज्यांची नावं घेतली त्यांच्या अंगात काहीच नव्हतं असं नाही. टकचा दमसास, प्रिडिसची चेंडू ओळखायची नजर, हेही अंगातलंच. फक्त ते एका दिवसाच्या चाचणीत दिसत नाही. चाचणीत वीस मीटरचा वेग दिसतो, उडी दिसते. पावसात चौथ्या क्वार्टरला, बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असताना कोण पळतोय, ते दिसायला हंगाम लागतो.

म्हणूनच मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. ह्या सगळ्यांची नावं पुन्हा बघा. प्रिडिसला राज्य लीग होती, स्टाइन्सला दुय्यम सामने होते, बॉईडला रूकी यादी होती, पिकेटला तर हंगामाच्या मधली निवड होती. नाकारल्यावर दर शनिवारी खेळायला जागा होती आणि तिथं बघायला माणसं येत होती. मेहनतीला पाय ठेवायला पायरी लागते. पिकेट अठराव्या वर्षी संपला असं इथल्या व्यवस्थेनं मानलं असतं तर तो कितीही पळाला असता तरी आपल्याला त्याचं नाव कळलं नसतं.

आपल्याकडं चौदाव्या वर्षी एक चाचणी होते, एका सकाळी, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. दोष पोरानं स्वतःला द्यायचा नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण मग तो खेळ सोडतो तो मेहनत संपली म्हणून नाही, खेळायला सामना उरत नाही म्हणून. माझ्या वर्गातल्या मुली कबड्डी अशाच सोडून बसल्या. त्यांच्यातली एक तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. हे आठवलं की मला आजही राग येतो.

पीटी सर, खानापूर

ताई, वस्ताद, निपाणीकर, सगळ्यांचे मनापासून आभार. आज खेळाच्या तासाला स्टाइन्सची गोष्ट सांगितली. 15 मीटरच्या दंडापर्यंत आलो आणि थांबलो. पोरं गप्प झाली, मग दोघंतिघं एकदम ओरडली, "पुढं काय झालं सर?" तो पोरगा मागं बसला होता, त्यानं विचारलं, "244 सामने म्हणजे त्याला कधी ताप पण आला नाही काय?" मी म्हटलं, आला असेल की, तरी खेळला.

खुराकाचं वस्तादांनी बरोबर पकडलं. घरात दूध विकायला लागतं. त्याच्या आईशी बोलतोय, शाळेत अंडी मिळतात ती तो खात नव्हता, आता खाणार म्हणालाय.

पायरीचं ताईंनी लिहिलंय ते डोक्यात बसलंय. आजूबाजूच्या चार-पाच शाळांच्या पीटी मास्तरांना फोन लावले. ज्यांची निवड झाली नाही अशा पोरांचेच सामने ठेवायचे, महिन्यातून दोन शनिवार. सुगी झाली की शेतं मोकळी असतात. कबड्डी, फुटबॉल, आणि पोरांचा हट्ट म्हणून हा लांबट चेंडूही. ताई, ते आम्हाला जमेल का? अठरा-अठरा पोरं आणि एवढं मोठं मैदान कुठून आणू? आणि पाऊस लागला की आमच्याकडं नुसता तांबडा चिखल.

टिळकवाडीची लेक, मेलबर्न

सर, वाचून फार आनंद झाला. अठरा लागत नाहीत. इथं लहान मुलं नऊ-नऊ, बारा-बारा अशीही खेळतात. चार बांबू रोवा, मधले दोन उंच, बाजूचे बुटके. सुरुवातीला रग्बीचा चेंडू चालेल, तो बेळगावात खेळाच्या दुकानात सांगितला तर मागवून देतील. टॅकल पहिल्या हंगामात ठेवू नका, नुसतं दोन्ही हातांनी शिवलं की चेंडू सोडायचा. आणि उडून खांद्यावर गुडघा देणं कडक बंद. कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर पोरगं पाठीवर पडलं तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

चेंडू फेकायचा नाही, हा एक नियम पहिल्या दिवसापासून पक्का करा. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. लाथ मारताना चेंडू उभा धरायचा, एका हातानं सरळ पायावर सोडायचा आणि खालच्या टोकाला बूट लावायचा, म्हणजे तो मागं फिरत सरळ जातो. आमच्या क्लबातले प्रशिक्षक सरावाच्या शेवटी सगळ्यांना फक्त कच्च्या पायानं लाथा मारायला लावतात. सुरुवातीला चेंडू कुठल्या कुठं जातो, पण हंगामाच्या शेवटी फरक दिसतो. तुमच्या त्या पोराला भिंतीवर मारायचाच आहे तर डाव्या पायानं मारू दे.

आणि चिखलाची काळजी करू नका. चेंडू घेऊन पळताना दर 15 मीटरला तो जमिनीवर आपटावा लागतो, पण ओल्यात आपटला तर परत येत नाही, म्हणून वाकून जमिनीला नुसता टेकवला तरी नियमात बसतं. इथले मोठे खेळाडूही पावसात तसंच करतात. जुने बूट आणि चेंडू मुलाच्या क्लबात मागून बघते. डिसेंबरात बेळगावला येणार आहे, येताना बॅगेत बसतील तेवढे घेऊन येते. पोरांच्या पायांची मापं तेवढी पाठवून ठेवा.